बायडाबाईची एकोणीस अपत्ये

कात्रजच्या पलीकडचे आमचे गाव महापालिकेत आले आणि गावात लोकसंख्येची समस्या निर्माण झाली. निवडणूक लढवायची तर अपत्ये दोनच हवीत, असा नियम आहे. नियम लोकसंख्या आटोक्यात राहावी म्हणून केलेला असून तो सर्वांना मान्य होता. हिंदुराव मात्र उमेदवार होते आणि त्यांना मुले तीन होती.

मी पालिकेच्या कार्यालयात लिपिक आहे. प्रतिज्ञापत्रे माझ्याकडे येतात. हिंदुराव सहा वर्षांच्या शेफालीला घेऊन आले.

"कायतरी मार्ग काढा. ही जरा जास्तीची झालीया."

"अपत्य कमी करण्याची तरतूद नाही," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या नावे वर्ग करता येईल."

पण कुणाच्या? भावजयीला महिला राखीव जागा लढवायची होती. मेहुण्याचेही नाव चर्चेत होते. निवडणुकीला उभी न राहणारी गावात एकच व्यक्ती सापडली. ती म्हणजे हिंदुरावांकडे धुणीभांडी करणारी बायडाबाई. वय एकाहत्तर, विधवा, निपुत्रिक, निराधार योजनेच्या पेन्शनवर जगणारी.

"पोर माज्याच मांडीवर वाढलीया," ती म्हणाली. "हजार अंगठे घ्या." तिचे डोळे भरून आले होते. मी एकच घेतला.

पायंडा पडला. उरलेल्या इच्छुकांनी त्याच अंगठ्याच्या झेरॉक्स जोडल्या आणि महिनाअखेर बायडाबाईच्या नावावर एकोणीस मुले लागली. मी प्रत्येकाला जावक क्रमांक दिला.

मग शहरातून लोकसंख्याशास्त्राच्या तज्ज्ञ उल्काताई पाहणीला आल्या. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. सधन, सुशिक्षित घरे एका महिन्यात दोन मुलांवर आली होती. गावाची सगळी वाढ एका निरक्षर विधवेच्या पत्र्याच्या खोलीत होत होती. दारिद्र्य आणि अज्ञान यांतूनच लोकसंख्या फुगते, हा सिद्धांत इतका नेटका जुळलेला त्यांनी कुठेच पाहिला नव्हता.

"आजी, दोन मुलांत अंतर ठेवायचं असतं," त्या कळवळून म्हणाल्या. "एका महिन्यात एकोणीस?"

"बाई, मालक जाऊन चाळीस वर्सं झाली."

"कुटुंबनियोजनात पुरुषाचा सहभाग नाही," असे उल्काताईंनी टिपून घेतले.

लगेच उपाययोजना सुरू झाल्या. बायडाबाईला गोळ्यांचे पाकीट मिळाले, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आणि पेन्शन बंद झाल्याचे पत्रही मिळाले. एकोणीस अपत्ये असलेली स्त्री निराधार कशी, असा त्यात प्रश्न होता. खाली सही माझी होती.

ती शेफालीचा हात धरून, ते पत्र घेऊन कार्यालयात आली. हिंदुराव नेमके उमेदवारी अर्ज भरायला आले होते. पोरगी "पप्पा!" म्हणून धावली.

"बायडाबाईची धाकटी," हिंदुरावांनी कार्यकर्त्यांना सांगितले. "लई लाघवी हाय."

पोर जागच्या जागी थांबली. बायडाबाईने तिला पोटाशी धरले.

"सायेब, मी खाऊ काय आता?" तिने मला विचारले.

खोटे कशाला सांगू, मला लाज वाटली. मी तिला अर्ज करायला सांगितले.

हिंदुराव निवडून आले. लोकसंख्या दिनी त्यांचे व्याख्यान ठेवले होते. धान्य हळू वाढते आणि तोंडे भराभर, हे त्यांनी फळ्यावर आकडे मांडून समजावले. "मी दोनावर थांबलो! आन् ह्या बघा!" त्यांनी बोट दाखवले. बायडाबाई उभी राहिली. पेन्शनचे बघू, असे सांगून तिला आणले होते. ती हात जोडून उभीच होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

वाचकहो, आपणही तिसऱ्या रांगेत होतात, मी पाहिले. बाहेर पडताना आपण शेजाऱ्याला म्हणालात, "या लोकांना दोनावर थांबायला काय होतं?"

आपल्याला दोनच मुले आहेत, हे मला ठाऊक आहे. आपले प्रतिज्ञापत्र मीच तयार केले.