सुभेदार गेल्याचा फोन

वाईट बातमी सांगावी तर मीच. स्वतःच्या तोंडानं सांगतोय म्हणून गर्व समजू नका, अनुभव समजा. तीस वर्षं मी एसटीच्या चौकशी खिडकीत काढली. येवल्याची गाडी रद्द, पेठची घाटात बंद पडलेली, नांदगावची तीन तास उशिरा, असल्या बातम्या हजारो माणसांना दिल्या आणि एकदाही खिडकीची काच फुटली नाही. उलट माणसं 'बरं बाबा' म्हणून बाकावर जाऊन झोपायची.

ही कला मी कीर्तनातून उचलली. गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठी, कुठल्याही देवळात कीर्तन असो, हा जयराम पहिल्या रांगेत. तिथं मी एक गोष्ट पाहून ठेवलीय. बुवा कधीही एकदम मुद्द्यावर येत नाहीत. राजाचा मुलगा साप चावून जाणार हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बुवा आधी पूर्वरंग लावतात. देह म्हणजे काय, माया म्हणजे काय, मग एखादा दृष्टान्त, मग टाळांचा गजर, मग घोटभर पाणी. पाऊण तासानं उत्तररंगात तो मुलगा जातो, तेव्हा ऐकणाऱ्याचं मन लोण्यासारखं मऊ झालेलं असतं. माणसं रडतात, पण कोसळत नाहीत.

निवृत्तीनंतर मी द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात टेबलावर बसायला लागलो. दवाखाना फक्त मांजरांचा. कुत्रं आणलं तर परत पाठवतो. एकदा एक गृहस्थ पोपट घेऊन आले, त्यांना तर मी जिन्यातच अडवलं. आत सात मांजरं बसली होती. माझं काम सोपं. नाव लिहायचं, टोपलीवर टॉवेल टाकायचा म्हणजे मांजरांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, आणि हळू बोलायचं. हे शेवटचं मला जड जातं. मांजरं मात्र माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्यांची पेन्शन अडवून ठेवलीय.

डॉक्टर तेजस्विनी मॅडम देवमाणूस. त्यांच्या हाताखाली मनीषा, तीही कामाला वाघ, पण फोनवर दगड. मागच्या महिन्यात एकाला तिनं फोन करून सांगितलं, "तुमचं मांजर वारलं, टोपली न्यायला या." समोरचा माणूस तिथंच खाली बसला म्हणे. तेव्हाच मी जाहीर केलं होतं की यापुढे असले फोन मी करणार.

"जमेल ना काका?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, समोरच्याला कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला सुभेदार गेला. सुभेदार म्हणजे लंकाबाईंचा चौदा वर्षांचा बोका. राखाडी रंग, एक कान फाटका, रुबाब असा की वजनाच्या काट्यावर चढताना सगळ्या दवाखान्यानं उठून उभं राहावं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. लंकाबाई दोन महिने एक दिवसाआड त्याला रिक्षानं सलाईन लावायला आणायच्या. सत्तरीच्या, एकट्या. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. मूलबाळ नाही, मालक कधीच गेलेले. घरात बोलायला हा एक सुभेदार. कपाळावर माझं गंध बघून त्या मला बुवा म्हणायच्या. सोमवारी त्याला रात्रभर ठेवून घ्यावं लागलं, तेव्हा जाताना टोपलीत हात घालून त्याला सांगून गेल्या होत्या, "उद्या येते रं न्यायला. त्रास देऊ नको कोनाला."

त्यानं दिला नाही. झोपेतच गेला.

मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही करता फोन?"

मी पाणी पिऊन घेतलं, नंबर लावला.

"हॅलो, लंकाबाई? जेवण झालं का?"

"अजून अकरा बी नाय वाजले, बुवा."

"बरं. माय, हा देह म्हणजे काय आहे?"

"काय हाय?"

"भाड्याची खोली आहे. मालक म्हणेल त्या दिवशी खाली करायची. सामान काढायला सवड मिळत नाही."

"व्हय," लंकाबाई हळूच म्हणाल्या.

पूर्वरंग चांगला बसला होता. आता दृष्टान्त हवा. राजाचा घ्यावा तर बोक्याला फार मोठा पडेल. म्हटलं, घरातलाच घ्यावा, माणसाला जवळचा वाटतो. आणि मी बोलून गेलो, "आता माझंच बघा ना. आमची मैना..."

इथं गाडी घाटातून खाली सुटली.

पाच वर्षांत मी मैनेचं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. लेकीपुढं घेत नाही, तिला रडू येतं. देवापुढं घेत नाही, मला राग येतो. ते नाव एकदा तोंडातून बाहेर पडलं आणि मागून सगळंच बाहेर पडायला लागलं. ती करोनाची दुसरी लाट, ते ऑक्सिजनसाठी फिरणं, ॲम्ब्युलन्सच्या काचेतून तिनं केलेला हात. मी काय काय बोललो मला आठवत नाही. लंकाबाई नुसतं "हं... हं..." करत होत्या, बुवांच्या मागे टाळकरी ध्रुपद धरतात तसं. वीस मिनिटांनी माझा आवाज पार बसला.

"बुवा," त्या म्हणाल्या, "पानी प्या. मी येतेच." आणि फोन ठेवला.

उत्तररंग राहूनच गेला.

मॅडम दारात उभ्या होत्या. "सांगितलंत?"

"हो."

"कसं घेतलं त्यांनी?"

"फार धीरानं," मी म्हणालो. यात खोटं एक अक्षर नव्हतं, हेच तर दुःख.

मी पुन्हा फोन लावला. चार वेळा लावला. कोणी उचलेना. म्हटलं, ठीक आहे, आल्या की दारातच गाठू, बाजूला घेऊ, दोन वाक्यांत सांगून टाकू. आत मनीषा सुभेदाराला पांढऱ्या कापडात गुंडाळत होती. तिच्या लेखी बाईंना सगळं ठाऊक होतं.

एक वाजता लंकाबाई आल्या. हातात टोपली नव्हती. चौकटीच्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला मोठा डबा होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बुवा, दुखाच्या घरी चूल पेटत नाय. पिठलं-भाकरी आनलीय. दोन घास खाऊन घ्या."

आमच्याकडे घरात कोणी गेलं की शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, कडू घास म्हणतात त्याला. म्हणजे बाईंना वाटत होतं, माझी बायको आजच गेली. जिचं मांजर आत पांढऱ्या कापडात होतं, ती माझ्या सांत्वनाला आली होती.

"लंकाबाई, जरा इकडे..." मी उठलो.

तेवढ्यात कोपऱ्यातले शेखरराव उभे राहिले. हे बँकेतले गृहस्थ, सहा महिन्यांपूर्वी आमच्याच कॉलनीत राहायला आलेले. मांडीवरची पांढरीशुभ्र पर्शियन मांजर त्यांनी काखेत मारली. "काय, काकू गेल्या? कधी?"

"साहेब, तसं नाही..."

"मानूस जायाला काय येळ काळ असतो का?" लंकाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही ड्युटीवर?" शेखररावांचा चेहरा लाल झाला. "मनीषाताई, मॅडमना बोलवा. यांच्या घरी मयत आणि यांना इथं बसवून ठेवलंय! माणुसकी आहे की नाही?"

वेटिंगमधले चौघंही उभे राहिले. एका बाईंनी टोपलीतल्या मांजरीला "शू, गप" केलं. मनीषा बाहेर आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, लंकाबाईंकडे पाहिलं, आणि काही न समजता शटर अर्धं खाली ओढलं. शेखररावांचा अंगठा मोबाईलवर चालत होता.

"साहेब, काय लिहिताय?"

"कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. चार माणसं तरी नकोत का?"

मी डोकं धरलं. त्या ग्रुपवर माझी लेक सृष्टी आहे. लग्न होऊन नांदगावला गेली तरी ती त्यातून बाहेर पडलेली नाही. दोन मिनिटांत तिचा फोन आला.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "आई पुन्हा कशी गेली?"

या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं, सांगा. "नाही गं बाळा, एकदाच गेली," एवढंच म्हणालो आणि माझा आवाज पुन्हा फुटला. त्यावर शेखररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मोबाईलवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. कोणीतरी विचारलं होतं, 'दहावा कधी?'

आणि याच वेळी मॅडम आतून आल्या. दोन्ही हातांवर पांढरं गाठोडं.

"लंकाबाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकांनी तुम्हाला सगळं..."

मी मध्ये जाऊन उभा राहिलो. हात पसरले, एसटी थांबवतात तसे.

"काका, काय झालं? तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो. "पूर्वरंगापर्यंत."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सगळे माझ्याकडे बघत होते. चौकशी खिडकीत तीस वर्षं मला काचेचा आधार होता. इथं मध्ये काहीच नव्हतं. लंकाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसत होतं, आणि ते माझ्यासाठी आहे या विचारानं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळी कीर्तनं आठवून पाहिली. एकही ओळ मदतीला आली नाही.

"लंकाबाई, सुभेदार गेला," मी म्हणालो. "सकाळी दहाला. झोपेत. मला सांगता आलं नाही."

त्यांनी टेबलावरचा डबा माझ्याकडे सरकवला.

"ठाऊक हाय बुवा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्याच वाक्याला. एरवी फोनवर निस्तं 'घेऊन या' नायतर 'नका आनू' म्हनता. आज 'जेवण झालं का' इचारलं. मला तवाच कळलं, माझा सुभेदार नाय ऱ्हायला."

"मग मला थांबवलं का नाही?"

"रडत होता तुमी. रडनाऱ्या मानसाला मधी कसं आडवायचं?"

"पण हा डबा... मैनेला जाऊन पाच वर्षं झाली हो."

"म्या ऐकलं की. तुमीच म्हनला ना, तवा बांबू बांधून गल्ली बंद केली होती, दारात कोनी आलं नाय. बापलेकीनं चहात पाव बुडवून खाल्ला. कडू घास बी कोनी दिला नाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला ते लय लागलं, बुवा. म्हनलं, सुभेदार आता कुठं जातोय. आधी ह्ये करून न्यावं."

शेखरराव खाली मान घालून ग्रुपवरचा मजकूर पुसत होते. पर्शियन मांजर त्यांच्या काखेतून लोंबत होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

मॅडमनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. लंकाबाईंनी सुभेदाराला मांडीवर घेतलं, कापड थोडं सारून त्याचा फाटका कान सरळ केला. आणि दुसऱ्या हातानं माझ्यापुढं डबा उघडला. बाजरीच्या भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हातानं मला भरवला. तो कसा लागला ते मला विचारू नका. नंतर मात्र पाच वर्षांची भूक एकदम बाहेर आल्यासारखा मी जेवलो. त्या विचारत होत्या, मी मैनेचं सांगत होतो. चहात आलं किती घालायची, रागावली की उलटी चप्पल कशी घालायची. डब्याचा तळ दिसला तेव्हा मी थांबलो.

"तुम्ही जेवलात?" मी विचारलं.

"कुठं वो. घरात होतं तेवढं पीठ मळलं, समदं तुमच्याच डब्यात घातलं."

ज्या बाईचं आज मांजर गेलं, तिचा कडू घास मी चार भाकरींसकट संपवला होता. ठेचासुद्धा पुसून खाल्ला होता.

मी धावत बाहेर गेलो. मनीषाचा डबा केव्हाच संपलेला. टेबलाचे खण उपसले. एका खणात बिस्किटांचा फोडलेला पुडा मिळाला. बुडत्याला तेवढं पुरे. आत येऊन त्यातलं एक मोडलं, अर्धं लंकाबाईंच्या तोंडापुढं धरलं. त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. एकट्याला खायला घालू नये म्हणून उरलेलं अर्धं मी माझ्या तोंडात टाकलं.

त्या हळूहळू चावत होत्या. मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होत्या. आणि इतका वेळ न फुटलेला हुंदका त्यांना फुटला.

"बुवा," त्या म्हणाल्या, "ह्ये माझ्या सुभेदाराला लय आवडलं असतं."

मी हातातला पुडा उलटा करून बघितला. वर मांजराचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, बांगडा.

मी माळकरी माणूस. गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत ढकलली, तोंडातला घास गिळला, आणि त्यांना विचारलं, "आणखी एक देऊ?"