मोठ्या सिस्टर गोड बोलल्या तेव्हा

मोठ्या सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि सात नंबरच्या खाटेशेजारी त्या चक्क बसल्या, तेव्हाच शिंपीकाकांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

सव्वीस वर्षांत या वॉर्डात सिस्टरांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हात हलका, आवाज करडा. सुई टोचलेली कळायची नाही. बोलणं मात्र आठवडाभर ठणकायचं. पण आज इलाज नव्हता. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक बाई चार दिवस सगळ्यांना आपुलकी शिकवत होत्या. रुग्णाजवळ बसा, हात हातात घ्या, आवाज खाली ठेवा, खोटी आशा दाखवू नका. सिस्टर परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. आज तिसऱ्यांदा झाल्या की वॉर्ड सुटला, आणि तळघरात चादरींच्या कोठारावर बदली.

"चादरींशी काय बोलू हो मी?" सकाळी त्या आयाबाईंना म्हणाल्या होत्या, आणि करडा आवाज काठावर जरा ओला झाला होता.

प्रशिक्षक बाई जिने चढून धापा टाकत आल्या. "डोकं गरगरतंय. नंतर माझंही बीपी बघाल का?" म्हणाल्या आणि कागद-पेन घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

सिस्टरांनी काकांचा हात हातात घेतला. "काका, कसं वाटतंय? मनात काही असेल तर मोकळेपणाने बोला. मी आहे ना."

काकांना दरदरून घाम फुटला. हर्नियाचं साधं ऑपरेशन, उद्या घरी जायचं. काल तर याच सिस्टर 'सात नंबर, लाड बंद, चालायला लागा' म्हणून खेकसल्या होत्या.

"सिस्टर, रिपोर्ट आला का माझा?"

"रिपोर्टाचं सोडा. तुमच्याबद्दल बोलू."

"उद्या घरी जातोय ना मी?"

खोटी आशा दाखवायची नव्हती. "ते डॉक्टर ठरवतील," सिस्टर मधाळ आवाजात म्हणाल्या. "आपण आजचा दिवस छान घालवू."

काकांनी पायाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अगं, ऐक," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मशीन धाकट्याला दे. आणि एक पाप आहे मनावर. गिऱ्हाइकांचं उरलेलं कापड मी कधी परत दिलं नाही."

"म्हणजे आपले पडदे?"

"पडदे, उश्या, तुझी ती आवडती पिशवी. हेडमास्तरांच्या कोटातून तर चांगलं अर्धा मीटर काढलं होतं."

आठ नंबरच्या खाटेवरचं पांघरूण ताडकन उडालं. आत हेडमास्तरच होते, निवृत्त, मूळव्याधीने बेजार.

"तरीच! मुलीच्या लग्नात मी दिवसभर श्वास रोखून उभा होतो. तू म्हणालास, साहेब, तुमचीच तब्येत सुधारली!"

"मरणाऱ्याला माफ करा, साहेब!"

"आधी कोट दे, मग मर!"

हेडमास्तर उठायला गेले, सलाइनची नळी ताणली, स्टँड डुलला, काकूंनी हंबरडा फोडला. तो ऐकून नऊ नंबरच्या आजोबांनी बेल दाबून धरली. "मलाही काय झालंय ते आत्ताच सांगा!"

सिस्टरांनी एका हाताने स्टँड पकडला. दाराशी पेन चालत होतं. एक क्षण त्यांना तळघर दिसलं, घड्यांवर घड्या, पांढऱ्या, मुक्या. मग त्या उठल्या.

"गप्प! सगळे गप्प! आठ नंबर, आडवे व्हा, तुमचं दुखणं बसायचं आहे, भांडायचं नाही. आजोबा, बेल सोडा. आणि सात नंबर! मरताय कसले? टाके खडखडीत सुकलेत. तीन रात्री झोपला नाहीत, वर मला 'झोपलो' म्हणून थापा मारता! आणि काकू, कालपासून बिस्किटावर आहात. आधी खाली जाऊन जेवून या, मग रडा!"

वॉर्ड शांत झाला. पाऊस ओसरावा तसा.

"ओरडल्या," काका पुटपुटले. चेहऱ्यावर रंग परतला. "अगं, ओरडल्या! जा, जेवून ये तू."

आजोबांनी बेल सोडली. हेडमास्तर आडवे होत म्हणाले, "बरा झालास की नवा कोट शिवायचा. ढगळ."

सिस्टर खाली मान घालून दाराशी आल्या. "चादरींच्या किल्ल्या कुणाकडून घेऊ?"

प्रशिक्षक बाईंचं पेन थांबलं होतं. "एक सांगा. ते झोपले नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?"

"चादरीवरून. झोपलेला माणूस कूस बदलतो, चादर चुरगळते. यांची रोज सकाळी इस्त्री केल्यासारखी. टाक्यांना जपत, भीतीने निपचित पडून राहतात."

"हे मी शिकवलं नव्हतं."

"नाही. तुम्ही स्टुलावर बसायला शिकवलंत."

बाईंनी कागद दाराच्या चौकटीवर टेकवला. मग सगळ्या रकान्यांवरून एक तिरकी रेघ मारून त्यांनी खाली मोठ्या अक्षरांत 'पास' लिहिलं. बाही वर करून त्या खुर्चीत बसल्या. "आता माझं बीपी."

सिस्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला. काटा जिथे हवा तिथेच होता. पण सिस्टरांचं मन भरून आलं होतं, आणि आभार मानायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी स्टूल ओढलं, शेजारी बसल्या, बाईंचा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, कसं वाटतंय तुम्हाला?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"सिस्टर," त्यांनी हात घट्ट धरला, "आधी एकदा ओरडा ना माझ्यावर!"