मेश्रामकाका आणि चौथे

मेश्रामकाकांकडे मी भाड्यानं राहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पासपोर्ट बघितला नाही, पगार विचारला नाही. त्यांनी माझी उंची मोजली. बेसमेंटच्या दाराच्या चौकटीवर पाच फूट चार इंचांवर पेन्सिलीची एक रेघ होती. तिथं मला पाठ टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "सहा फूट. चालेल. चौथ्यांच्या हाताखाली उंच सेनापती पुष्कळ होते. सगळे पळाले."

चौथे म्हणजे अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष. काका त्यांचं नाव कधीच घेत नसत. रेघ त्यांच्या उंचीची, आणि योगायोगानं काकांच्याही. एवढ्याशा माणसानं इंग्रजांशी लढाई केली, राजधानी जळाली, घर जळालं, आणि गडी तीन दिवसांत परत कामावर हजर, हे मी पहिल्या आठवड्यातच चार वेळा ऐकलं.

ही अमेरिकेच्या राजधानीजवळच्या, व्हर्जिनियातल्या हर्नडन गावातली, २००४ सालची गोष्ट. काका मूळचे नागपूरचे, वय बावन्न, आमच्याच कंपनीत डेटाबेस सांभाळत. एकटेच राहत. काकू वारल्या आहेत एवढंच मला ठाऊक होतं.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो. चौथ्यांचं चित्र मात्र बाथरूमच्या दारासमोर. एवढा आदर आहे तर तिथं का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "संविधानासाठी राबले, मान्य. पण घरात माणसं गुलाम म्हणून ठेवली. हॉलमध्ये यायचं तर आधी त्यांना सोडा म्हणावं."

चौथ्यांनी काही ते ऐकलं नाही, त्यामुळे ते तिथंच राहिले. रविवारी काका दार उघडं ठेवून दाढी करत आणि फेसाळ तोंडानं त्यांच्याशी भांडत. राष्ट्रीय बँक नको म्हणून आधी इतका आरडाओरडा केला, मग लढाई संपल्यावर तिच्याच कागदावर सही काहून केली? एक गाल साफ होई. मग काका स्वतःच कबूल करत की चूक कळली म्हणून केली, आणि बरं केलं. माझे मित्र आमच्याकडे आले की बाथरूमला जाणं टाळत, कारण बाहेर आल्याबरोबर काका विचारत, "झाली भेट?"

ऑफिसातही सुटका नव्हती. तेव्हा इराकची लढाई चालू होती. लंचला एकजण म्हणाला की अशा वेळी सरकारला नावं ठेवणाऱ्यांना सरळ आत टाकलं पाहिजे. काकांनी डब्याचं झाकण लावलं. शत्रू राजधानीत शिरला होता, पेपरवाले चौथ्यांना रोज शिव्या घालत होते, तरी त्यांनी एकालाही त्यासाठी आत टाकलं नाही, एवढं सांगितलं. मग झाकण उघडून वांग्याची भाजी संपवली. त्या टेबलावर पुन्हा कुणी लढाईचा विषय काढला नाही.

एकदा आगीचा अलार्म वाजला. आम्ही सगळे लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये पळालो. काका सर्वांत शेवटी आले, काखेत कॉन्फरन्स रूममधलं बदकांचं भलंमोठं चित्र. चौथ्यांच्या बायकोनं पळायच्या आधी भिंतीवरचं चित्र वाचवलं होतं म्हणे. सिक्युरिटीवाल्याला हा इतिहास पटेना. आग म्हणजे कुणाचं तरी मायक्रोवेव्हमधलं पॉपकॉर्न निघालं. चित्र परत लावलं गेलं आणि काकांना समज देणारं पत्र आलं. त्यात चित्राला 'फर्निचर' म्हटलंय, याचंच त्यांना वाईट वाटलं.

दर ऑगस्टमध्ये एका शनिवारी काका 'पळायला' जात. म्हणजे चौथे ज्या बाजूनं राजधानी सोडून पळाले, त्या बाजूनं गाडी चालवत. त्या वर्षी मलाही नेलं. आधी राजधानीत गेलो, मग पोटोमॅक नदी ओलांडून परत व्हर्जिनियात शिरलो. रस्त्याच्या कडेला, झाडी होती तिथं त्यांनी गाडी थांबवली. तेव्हा इथं जवळपास एक खानावळ होती, असं ते सांगू लागले. पळापळीत नवरा-बायकोची चुकामूक झालेली. दोघं एकमेकांना शोधत हिंडत होते. लोक इतके चिडलेले की बाईंना कुणी धड आसरा देईना. त्यात वादळ आलं. शेवटी दुसऱ्या दिवशी इथं भेट झाली.

मी म्हटलं, "काका, पुढं ते परत गेले, तह केला, देश सावरला. ते सोडून तुम्ही दरवर्षी इथंच का येता?"

काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"त्याची भेट झाली ना," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये काकू भाचीच्या लग्नासाठी नागपूरला गेल्या होत्या. तिथं अचानक हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. काकांचं बुधवारचं तिकीट होतं. मंगळवारी तो हल्ला झाला आणि सगळी विमानं बंद झाली. विमानतळ घरापासून पंधरा मिनिटांवर. काका रोज बॅग घेऊन निघत, पोलीस परत पाठवत, ते जवळच्या एका पार्किंगमध्ये गाडीत बसून राहत. आकाशात एकही विमान नसे. काकू शुक्रवारी गेल्या. काका पुढच्या बुधवारी पोचले.

"मला बघून सगळे रडले," ते म्हणाले. "पण तोवर घर आवरून झालं होतं. तिची चप्पलसुद्धा कुणीतरी उचलून ठेवली होती."

इतके महिने त्यांच्या घरात राहून मला काकूंचं नावही माहीत नव्हतं. मी तेच विचारलं.

"सुलोचना," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

परतीच्या रस्त्यात चौथ्यांबद्दल एक शब्द निघाला नाही, काका काकूंबद्दलच सांगत राहिले. सुलोचनाकाकू शाळेत भूगोल शिकवत, पण इथं आल्यावर घरामागच्या गल्लीतही रस्ता चुकत. सरकत्या जिन्याला इतक्या घाबरत की काकांना आधी वर जाऊन हात पुढं करून उभं राहावं लागे. काका एका हातानं गाडी चालवत होते, दुसरा हात कसा पुढं करायचा ते दाखवत होते.

हर्नडनकडे वळायची एक्झिट आली आणि मागं गेली. मी विचारलं, "आणि उतरताना?"