मारुतरावांचे समतल बाथरूम

माणूस ज्या कामात आयुष्यभर यशस्वी झाला, त्याच कामाच्या रीतीने तो उरलेली सगळी कामे करायला जातो. याला अनुभव म्हणतात. अनुभवापुढे शास्त्र, शेजारी आणि बायको या तिघांचेही काही चालत नाही.

राहू गावच्या मारुतरावांचा अनुभव पाण्याचा. उसाला ते पाणी असे एकसारखे देतात की पहिल्या सरीतला ऊस आणि शेवटच्या सरीतला ऊस जुळे भाऊ वाटावेत. अशा माणसाच्या पत्नी साखरबाई बाथरूममध्ये साचलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन होऊन त्या शिरूरला लेकीकडे, नीलमकडे राहिल्या. डॉक्टरांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या : कमोड, धरायला दांडी आणि कोरडी फरशी. हे झाल्याशिवाय घरी जायचे नाही. साखरबाईंना तर घाई झालेली. लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून दिवसभर कोणाला हाक मारायची सोय नव्हती.

खुटबावचा कोंडिबा मिस्त्री येऊन पाहून गेला. "आप्पा, चार दिवसांचं काम हाय. पर एक अट. मधी तुमी बोलायचं न्हाई."

अट जाचक असल्याने मिस्त्री रद्द झाला आणि बाथरूम स्वतः करण्याचा निर्णय मारुतरावांनी एकमताने घेतला. (आपल्याकडे 'स्वतः करणे' याचा अर्थ मुलाने सिमेंट कालवणे, दोन गड्यांनी फरशा वाहणे आणि स्वतः खुर्ची टाकून बसणे असा आहे.)

कामाचा तपशील पुढीलप्रमाणे. दिवस अठरा. मोबाईलवर पाहिलेले व्हिडिओ एकेचाळीस, पैकी शेवटपर्यंत पाहिलेले शून्य. पाहणीस आलेले ग्रामस्थ चौसष्ट. त्यांनी दिलेल्या सूचना दोनशे बारा. त्यांतल्या एकशे अठ्ठ्याण्णव एकमेकींच्या विरुद्ध आणि उरलेल्या चौदा चहाबाबत. दांडी म्हणून भिंतीत खोऱ्याचा दांडा बसवण्यात आला. तो मात्र इतका मजबूत बसला की भूकंपात घर पडले तरी दांडा उभा राहील.

मतभेद झाला तो फरशीवरून. मुलगा विश्वजीत कंपनीत क्वालिटीला आहे. तो म्हणाला, "आप्पा, जाळीकडं ढाळ पायजे."

"ढाळ? म्हंजी पानी पळवायचं?"

"व्हय. बाथरूम हाय ते."

"पंचेचाळीस वर्षं पानी धरून ठिवलं, म्हनून तू बूट घालून कंपनीत जातोस. मला पानी शिकवतो व्हय?"

क्वालिटीने माघार घेतली. मग पाण्याने भरलेली नळी चारही कोपऱ्यांत धरून, केसाचाही फरक राहणार नाही अशी फरशी बसली. दाराशी चार बोटे उंच बांध घातला. (त्याला घरात उंबरा म्हणतात.) जाळी फरशीच्या अर्धे बोट वर राहिली, म्हणजे पाणी वाया जाण्याची भीतीच मिटली.

चाचणीला शॉवर सोडला. पाणी पसरले, चारही कोपऱ्यांना सारखे भिडले आणि थांबले. मधोमध कमोड बेटासारखा शोभू लागला. मग शेजारच्या धुरपदामावशींचा म्हातारा नवरा पाण्यात बोट बुडवून म्हणाला, "एक कोपरा उपाशी न्हाई, मारुतराव!" मारुतरावांचे डोळे भरून आले. नारळ फुटला. शेवया शिजल्या.

रविवारी साखरबाई नीलमच्या गाडीतून आल्या. वॉकर टेकत टेकत दारापर्यंत गेल्या, बांधाशी थांबल्या, आत पाहिले.

"उसाचं बेणं कवा टाकायचं?" त्यांनी विचारले.

कोणी हसले नाही. विश्वजीत खोकला.

"नीलम, गाडी फिरव. आन् तुमी, फरशी कोरडी झाली की फोन करा. तवर मी शिरूरला हाय."

कोंडिबाला बोलावणे म्हणजे अठरा दिवसांवर पाणी सोडणे. म्हणून मारुतरावांनी वायपर आणला. पहाटे उठून ते सगळे पाणी बांधावरून ओढून काढू लागले. चौथ्या दिवशी कंबर धरून त्यांनी फोन लावला. "ये आता. कोरडी हाय."

पलीकडून विचारणा झाली, "कोरडी हाय, का कोरडी केली?"

मारुतरावांनी हातातला वायपर पाठीमागे लपवला. साखरबाईंनी फोन ठेवला. त्या अजून शिरूरलाच आहेत.

आता राहूला हसून झाले असेल, तर वाचकहो, जरा उठा. आपल्या घरी तर चांगल्या मिस्त्रीने, आपल्या देखरेखीखाली, बाथरूम केलेले आहे. त्याच्या दारामागे पाणी ओढायला एक वायपर टांगलेला असेल. त्याचा खिळा घरात कोणाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठोकलाय, तेवढे पाहून या.