कादंबरीतले शब्द दवाखान्यात

सुनेने आपलं कौतुक केलं की आपल्याला टोमणा मारला, हे ताईंना काही केल्या कळेना.

झालं होतं एवढंच, की धुतलेल्या चादरींच्या घड्या घालता घालता सून म्हणाली, "आई, तुमचा स्वभाव किती ऋजू आहे हो!" ताई "हो ना" म्हणाल्या आणि हातातलं चादरीचं टोक तसंच सोडून स्वयंपाकघरात निघून गेल्या. ऋजू! म्हणजे रुक्ष? की रुसका? कानाला तर एखाद्या त्वचारोगासारखा वाटत होता शब्द.

"तिलाच विचार ना," पेपरमागून नवरा म्हणाला.

"आणि तिला कळू दे, सासूला एवढंही येत नाही ते?"

"मग नको विचारूस."

नवऱ्याचा सल्ला नेहमी असाच असे. दोन्ही बाजूंनी बरोबर आणि उपयोग शून्य.

सून कॉलेजात साहित्य शिकवायची. स्वभावाने मऊ होती, सकाळी उठून पाण्याची बादली भरून ठेवायची, पण तोंड उघडलं की एकेक शब्द असा पडायचा की ताई दचकायच्या. गॅस चालू राहिला तर तो 'अनवधानाने' राही. डोकं दुखलं तर ती 'विकल' होई. ताईंना तिची भीती वाटू लागली होती, आणि ही भीती चारचौघांत सांगायचीही सोय नव्हती. सून सासूला घाबरते म्हटलं तर लोक हळहळतात. सासू सुनेला घाबरते म्हटलं तर पोट धरून हसतील.

शेवटी ताईंनी काट्याने काटा काढायचं ठरवलं. सुनेची एक जाडजूड कादंबरी त्यांनी पिशवीत घातली आणि कामावर नेली.

ताई एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसत. फोन घ्यायचे, नंबर पुकारायचे, घाबरलेल्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. मध्ये वेळ मिळाला की कादंबरी काउंटरखाली मांडीवर उघडायची. अडलेला शब्द डिक्शनरीत बघावा, तर डिक्शनरी सुनेच्या कपाटात. पण भाजीच्या नुसत्या वासावरून मीठ कमी की जास्त हे ओळखणारी बाई ती. शब्दाच्या आजूबाजूचा वास घेऊन त्या अर्थ काढू लागल्या.

कादंबरीत एका मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा 'परागंदा' झाला होता आणि पुढे बऱ्याच पानांनी चांगले कपडे घालून, सर्वांसाठी भेटवस्तू घेऊन परत आला होता. ताईंनी ताडलं, परागंदा होणे म्हणजे कामानिमित्त बाहेर जाणे. त्याच घरातले आजोबा खाटेवर 'मुमूर्षू' होऊन पडले होते. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ हलतायत पण शब्द फुटत नाही. म्हणजे गुंगीत. हे तर उघडच होतं. शब्दात मूर्च्छेचा 'मू' होता.

एवढा ऐवज हाती लागल्यावर तो घरी वापरायचा होता, पण एकदम सुनेसमोर नको. आधी पेशंटवर वापरून बघू, असं ताईंनी ठरवलं. पेशंट घाबरलेले असतात, चुका काढत नाहीत.

त्या सकाळी दवाखान्यात बरीच गर्दी होती. दाताच्या दवाखान्यातली गर्दी तशी शांत असते. प्रत्येकाची जीभ आपापल्या दुखऱ्या दाताशी गुंतलेली असते आणि कान आतल्या मशीनकडे लागलेले असतात. दाराच्या अगदी जवळ, पटकन उठता येईल अशा बेताने, एक निवृत्त पोलीस अधिकारी बसले होते. मिशा भरघोस. अक्कलदाढ काढून घ्यायला आले होते. शेजारी एक बाई होत्या, ज्यांचा पुढचा दात अर्धा घासून ठेवलेला होता आणि वरची टोपी आज बसायची होती. त्या तोंडावर पदर धरूनच होत्या.

डॉक्टर सकाळपासून गप्प गप्प होते. त्यांनी गल्लीतल्या शिंप्याला खुर्चीवर घेतलं, त्याच्या हिरडीत इंजेक्शन दिलं, आणि काउंटरशी येऊन पुटपुटले, "ताई, त्यांचा जबडा बधिर व्हायला वेळ लागेल. मी आलोच." आणि मागच्या दाराने गेले.

गेले ते गेलेच. आत मशीन वाजेना. ते वाजलं की जीव घाबरा होतो, पण वाजेनासं झालं की त्याहून जास्त होतो, हे बाकावरच्या सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

"ताई, डॉक्टर कुठायत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ताईंना वाटलं, संधी हीच. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर जरा परागंदा झालेत."

अधिकाऱ्यांच्या मिशा हलायच्या थांबल्या. "परागंदा?"

"हो."

"नक्की?"

"अहो, माझ्या डोळ्यांदेखत. मागच्या दाराने."

"बरोबर सामान काही?"

"छे! अंगावर अ‍ॅप्रन होता, तसेच."

"याआधी कधी...?"

"नेहमीच होतात की," ताई उत्साहाने म्हणाल्या. शब्द छान चालला होता. "कधी कधी तर मिसेसना बरोबर घेऊन होतात. येतात संध्याकाळपर्यंत."

"अगं बाई!" अर्ध्या दाताच्या बाई पदराआडून म्हणाल्या. "आणि माझा दात?"

अधिकारी पुढे वाकले. "आत कोण आहे?"

"शिंपीदादा. इंजेक्शन देऊन ठेवलंय. मुमूर्षू आहेत."

तेवढ्यात फोन वाजला म्हणून ताई तिकडे वळल्या. त्यामुळे बाकावर काय कुजबूज झाली ती त्यांना ऐकू आली नाही. फोनवर शिंप्याची बायको होती.

"झालं का यांचं?"

"अजून नाही हो. सध्या मुमूर्षू आहेत. थोडाच वेळ आता. तुम्ही न्यायला या. आणि एकट्या येऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या. जड जाईल."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद पडला. नेटवर्कचं काही खरं नाही, असं म्हणत ताईंनी फोन ठेवला. वळून बघतात तर अधिकारी दाराला आतून कडी घालत होते.

"कोणीही बाहेर जायचं नाही," ते म्हणाले. "कशाला हात लावायचा नाही."

तोच आतला पडदा सरकला आणि शिंपी बाहेर आला. डॉक्टरांची वाट बघून कंटाळला होता बिचारा. त्याचा अर्धा चेहरा जागेवर होता आणि अर्धा खाली ओघळला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती.

"ऑऑ...ऑऑहर उथे?" त्याने विचारलं.

अर्ध्या दाताच्या बाईंनी किंकाळी फोडली. पदर सुटला, आणि तो टोकदार दात बघून शिंप्यानेही किंकाळी फोडली.

"विषप्रयोग!" अधिकारी गरजले. "आडवं करा त्यांना!"

दोघातिघांनी शिंप्याला धरून बाकावर आडवं केलं. तो हातपाय झाडू लागला. जितके झाडी तितकी मंडळी जास्त घाबरत आणि जास्त घट्ट धरत.

"दादा, डॉक्टरांचं तुमच्याशी काही वैर?" अधिकाऱ्यांनी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं. "नुसती मान हलवा. वेळ थोडा आहे!"

वेळ थोडा आहे, हे ऐकल्यावर शिंप्याने झाडणं बंद केलं. आपल्याला नुसतं इंजेक्शन दिलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. डॉक्टरांची पँट कमरेत घट्ट झाली होती आणि ती सैल करून द्यायला तो टाळाटाळ करत होता. त्याने डोळे मिटून मान हलवली. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अहो, असं काय करताय सगळे?" ताई काउंटरमागून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता.

अधिकारी गर्रकन वळले. "काय करतोय? डॉक्टर पळून गेला म्हणून तुम्हीच सांगितलंत! माणूस मरायला टेकलाय म्हणून तुम्हीच सांगितलंत! आणि वर म्हणे, येतात संध्याकाळपर्यंत! तुम्हीही सामील दिसताय!"

ताई चक्रावल्या. आपण असं कधी म्हणालो? आणि मग हळूहळू, पायाखालची जमीन सरकावी तसे ते दोन शब्द त्यांच्या मनात सरकले. जगात आता एकच माणूस त्यांना वाचवू शकत होतं, आणि नेमकं तेच माणूस, ज्याला हे कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप होता. त्या काउंटरखाली खुर्चीच्या पायाशी बसल्या आणि त्यांनी सुनेला फोन लावला.

"अगं, परागंदा म्हणजे काय गं?"

"परागंदा? म्हणजे पळून गेलेला, आई. घरदार सोडून बेपत्ता झालेला. का? कोण पळालं?"

"कोणी नाही. आणि मुमूर्षू?"

"मरणाच्या दारात असलेला. आई, कोण मरतंय? तुम्ही कुठे आहात? आवाज कसले येतायत?"

अब्रू आता गेलीच आहे, तर सगळीच जाऊ दे, असं ताईंना वाटलं. "आणि ऋजू?"

"ऋजू म्हणजे सरळ. प्रेमळ. मनात कपट नसलेलं. आई, मी आले. तिथेच थांबा."

ताई काउंटरखालून वर आल्या त्या रडतच. "साहेब, मला म्हणायचं होतं की डॉक्टर बाहेर गेलेत. कामाला. आणि शिंपीदादा नुसते बधिर झालेत हो!"

"आता जबाब फिरवू नका," अधिकारी म्हणाले.

मग दारावर धक्के बसू लागले. शिंप्याची बायको आली होती, आणि कोणाला तरी बरोबर घ्या म्हटल्यामुळे तिने अर्धी गल्ली बरोबर घेतली होती. कडी निघताच बायको थेट नवऱ्याच्या छातीवर जाऊन पडली. "मला एकटीला टाकून चाललात हो!"

शिंप्याच्या जबड्यात एव्हाना थोडी जाग येत होती. "अगं, ऊठ," तो म्हणाला. "श्वास कोंडला."

"श्वास कोंडला म्हणतायत!" बायकोने टाहो फोडला.

गर्दीतून वाट काढत सून आत आली. घाम आलेला, केस सुटलेले. तिने एकदा सगळीकडे पाहिलं, बायकोला बाजूला केलं, शिंप्याला उठवून बसवलं आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी अर्धं आत गेलं, अर्धं शर्टावर सांडलं. मरणारा माणूस शर्ट ओला झाला म्हणून चिडत नाही, आणि शिंपी चिडला. हळूहळू लोकांचा आवाज खाली आला.

"ठीक आहे, हा जिवंत आहे," अधिकारी नाइलाजाने म्हणाले. "पण डॉक्टर?"

त्याचं उत्तर मागच्या दाराने आलं. वरच्या मजल्यावर दाताचाच दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवलेल्या हातांनी आत आल्या. "तुमचे डॉक्टर इकडे आलेत का हो? स्वतःची दाढ काढून घ्यायला आले होते माझ्याकडे. मी सुई भरायला पाठ फिरवली, आणि खुर्ची रिकामी!"

अधिकाऱ्यांच्या नजरेत जुनी चमक आली. त्यांनी खोल्या तपासायला सुरुवात केली. मागच्या दाराला लागून असलेल्या एक्स-रेच्या चिंचोळ्या खोलीचं दार आतून बंद निघालं.

"बाहेर या," अधिकारी दारावर थाप मारत म्हणाले.

"ते सगळे गेले का?" आतून आवाज आला. "विषाचं काय चाललं होतं? मी नाही हो काही केलं!"

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा गाल टम्म सुजला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना जिना चढायची संधीच दिली नाही. दंडाला धरून त्यांच्याच खुर्चीत बसवलं. तोवर ताई आणि सून बाकावर टेकल्या होत्या.

"मला विचारायचं होतंत ना, आई," सून म्हणाली.

"तुझी भीती वाटते गं मला."

"माझी?" सून थक्क झाली. मग मान खाली घालून म्हणाली, "मला तुमची वाटते. तुमच्यासमोर काय बोलावं सुचत नाही, आणि घाबरले की तोंडातून पुस्तकातलंच बाहेर पडतं. कॉलेजात मी एवढं कठीण बोलत नाही हो."

ताई काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतून डॉक्टरांची हाक आली. "ताई! जरा इकडे या. माझा हात धरा."

ताईंनी आत जाऊन हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"खरं सांगा, दुखेल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"ते वाक्य मीच तुम्हाला शिकवलंय!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुई टोचताच जी आरोळी उठली ती मुंगीच्या मानाने फारच मोठी होती. भिंती पातळ, बाहेर सगळं स्पष्ट ऐकू गेलं. गाल बधिर झाल्यावर काम मात्र पटकन आटोपलं. दाढ ट्रेमध्ये वाजली, डॉक्टरांच्या तोंडात कापूस गेला, आणि ताईंनी आपला चेपलेला हात चोळत पडदा सारला. धंदा पुन्हा सुरू करायला हवा होता.

"पुढचे कोण? या," त्या म्हणाल्या.

कोणी उठलं नाही. पंखा फिरत होता. शिंपी, त्याची बायको, अर्ध्या दाताच्या बाई, गल्लीतली माणसं, कोणी म्हणून नव्हतं. अक्कलदाढवाले अधिकारीसुद्धा नव्हते. दार सताड उघडं होतं. बाकावर सून तेवढी, गालावर हात घट्ट धरून बसली होती.

तिने सासूकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मोठा शब्द जिभेवर आला असावा. तो तिने गिळला.

"आई," ती म्हणाली, "सगळे पळाले."