हेनिंगने खुर्ची बसवली

नुकत्याच जन्मलेल्या लेकीला दवाखान्यातून घरी आपणच न्यायचं, तेही आपल्याच गाडीतून, असं हेनिंगने ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटायला सुरुवात झाली. सासऱ्याने, म्हणजे सिक्स्टेनने, स्वतःची ऐसपैस गाडी देऊ केली होती. तिच्यात बाळाची खुर्ची आधीच बसवलेली होती. पण सिक्स्टेनच्या गाडीत बसायचं म्हणजे सिक्स्टेनच्याच घरी उतरायचं, आणि एकदा उतरलं की दोन महिने, पार ईस्टरपर्यंत तिथून हलायचं नाही, हे हेनिंग पुरतं ओळखून होता.

"खुर्ची मी बसवतो," त्याने बायकोला सांगितलं.

"बसव की," तूवा म्हणाली. "पण मी बाळाला घेऊन खाली येईन तेव्हा ती नीट बसलेली हवी. नसली तर मी बाबाच्या गाडीतून निघाले."

खुर्ची निवडताना त्याने काही कसर ठेवली नव्हती. दुकानातली सगळ्यांत भक्कम, सगळ्यांत मोठी खुर्ची त्याने आणली. पाठमोरी. (पाठमोरी तर हवीच. चार वर्षांची होईपर्यंत इथली पोरं मागच्या काचेतूनच जग बघतात, आणि त्यांचं काही अडत नाही.) घेण्याआधी त्याने खुर्ची मोजली, गाडीची मागची सीट मोजली, दारसुद्धा मोजलं. गाडी चिमुकली होती, पण माप जुळलं.

आता फेब्रुवारीच्या कडाक्यात, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, तो मागच्या दारातून अर्धा आत आणि अर्धा बाहेर होता. बाहेरचा अर्धा बधिर झाला होता. शेजारी सिक्स्टेन उभा. या गृहस्थाने जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं आणि जावयाला पहिल्याच भेटीत नापास केलं होतं. (इकडे सासऱ्यालाही अरे-तुरे करतात, म्हणून धाक काही कमी होत नाही.)

"झाली!" हेनिंग म्हणाला. खुर्चीला टेकू देणारा लोखंडी पाय गाडीच्या तळाला टेकला होता.

सिक्स्टेनने वाकून तिथलं पायपुसणं उचललं. खाली झाकण होतं, आणि झाकणाखाली सामान ठेवायचा कप्पा.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गाडी कशाला धडकली तर पाय या खड्ड्यात जाणार. पायामागून खुर्ची."

खुर्चीमागून कोण, ते त्याने सांगितलं नाही. तो कप्पा हेनिंगला चांगला माहीत होता. तूवापासून लपवलेली चॉकलेटं तो तिथेच ठेवायचा.

"दुसऱ्या बाजूला घे," सिक्स्टेन म्हणाला. "तुझ्या सीटमागे. तिथला तळ भरीव आहे."

पुन्हा पहिल्यापासून. पट्टे पुढच्या सीटच्या पायांना बांध, खुर्ची रेलव, पाय टेकव. पुढची सीट आड येत होती, ती पुढे सरकवली. तरी आड आली, आणखी सरकवली. बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, हेही आता कळेनासं झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आम्ही खाली निघालोय," तूवा म्हणाली. "झालं ना?"

"झालंच!"

"म्हणजे नाही झालेलं. हे बघ, बाळाला जाड सूट घातलेला नाही. त्यावरून पट्टा सैल बसतो. तिला थंडीत ताटकळत ठेवू नकोस."

हेनिंगने खुर्चीवर गुडघा रोवला, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून पट्टा ओढला. छपरावर डोकं आपटलं. पट्टा कटकट करत आणखी आवळला गेला. दवाखान्याचं दार सरकलं आणि गठुड्याला छातीशी धरून तूवा भराभर चालत आली.

"बाबा?" तिने हेनिंगला नाही, बापाला विचारलं.

सिक्स्टेनने दोन्ही हातांनी खुर्ची धरून गदागदा हलवली. अख्खी गाडी डुलली. खुर्ची मात्र जागची हलली नाही. सिक्स्टेनने झटकन श्वास आत ओढला, "श्शुप्." उत्तरेकडची माणसं 'हो' म्हणायला तोंडही उघडत नाहीत, असा श्वास ओढला की झाला 'हो'. लग्नानंतरचा हा सासऱ्याचा पहिला होकार. हेनिंगला रडूच कोसळलं.

बाळाला बांधलं, वर दुलई पांघरली, शेजारी तूवा बसली. हेनिंगने ऐटीत पुढचं दार उघडलं, बसायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. सीट आणि स्टिअरिंग यांच्यात जेमतेम एखादं मांजर मावलं असतं. हेनिंग ताडमाड माणूस. त्याने खुर्ची मोजली, सीट मोजली, दार मोजलं. स्वतःला मोजायचं तेवढं राहिलं होतं. एक पाय घातला तर गुडघ्याने हॉर्न वाजला. बाळ कुरकुरलं.

"सीट जराशी मागे घेतो—"

"हात लावू नकोस!" बापलेक एकदम ओरडले.

हेनिंग बर्फात उभा राहिला. आता ईस्टर. आता सासरची खोली. मागून तूवा शांतपणे म्हणाली, "खुर्ची हेनिंगने बसवलीय. बाळ तिच्यात बसूनच जाईल, आणि आमच्याच घरी जाईल. बाबा, तू चालव."

सिक्स्टेन हेनिंगच्या कोपराला लागायचा. तो अलगद आत शिरला आणि आरसा नीट करू लागला. हेनिंग पलीकडे जाऊन पुढच्या सीटवर बसला.

"हेनिंग, बेल्ट," तूवा म्हणाली.

"लावलाय."

"नीट?"

सिक्स्टेनने हात लांबवून पट्टा ओढून पाहिला. "जाड कोटावरून लावलास. सैल आहे. कोट काढ."

हेनिंगने कोट काढला. सासऱ्याने पट्टा खसकन आवळला, आणि मागून तूवाने बाळाची दुसरी, दुडदुडणाऱ्या सशांच्या चित्रांची दुलई त्याच्या अंगावर नीट पांघरली.