शंकामुक्त क्षपण

सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या क्षपण अभिक्रिया विद्यार्थ्यांना समजत नाहीत, ही गोष्ट वरिष्ठ कार्यालयानं अत्यंत गांभीर्यानं घेतली. उत्तरपत्रिका तपासणारे हे वर्षानुवर्षं सांगत आले होते; पण या खेपेला साहेबांचा पुतण्याच नेमका त्या प्रश्नात गडगडला, त्यामुळे प्रश्नाला राष्ट्रीय महत्त्व आलं. कार्यालयानं तातडीनं उपाय योजला. क्षपण समजावून देण्याचा नव्हे, ते काम फार वेळखाऊ. क्षपण समजलं आहे, याची हमी घेण्याचा. योजनेचं नाव ‘समज-हमी’. तिचं मोजमापही शास्त्रीय होतं. ज्याला समजलं त्याला शंका उरत नाही. म्हणजे जिथं शंका कमी, तिथं समज जास्त. सबब वर्गात निघालेल्या प्रत्येक शंकेमागे महाविद्यालयाचा एक गुण वजा करण्यात येणार होता.

हे सगळं रसायनाच्या बाईंना प्राचार्यांच्या खोलीत उभ्या उभ्या ऐकावं लागलं. बाई केस पिकेपर्यंत त्याच महाविद्यालयात सेंद्रिय रसायन शिकवत आल्या होत्या. बाहीवर कसला ना कसला डाग असायचाच, आणि फळ्यावर इलेक्ट्रॉनांचे बाण काढताना त्या लहान मुलासारखी जीभ दातांत धरायच्या. प्राचार्य मूळचे वाणिज्य शाखेचे. क्षपण म्हणजे कपात, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि कपातीविषयी त्यांना पहिल्यापासून आदर होता.

“बाई, तुमच्या वर्गात शंका फार निघतात म्हणे,” प्राचार्य म्हणाले.

बाईंना वाटलं, कौतुक चाललंय. त्या चक्क लाजल्या.

शंकांचा मूळ झरा होता मागच्या बाकावरची एक काटकुळी मुलगी. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण का?’ला जाऊन थांबायचं, म्हणून वर्गानं तिला ‘पणका’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे बाईही तसंच म्हणू लागल्या. त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, “बाई, क्षपण म्हणजे घट ना? मग रेणूत हायड्रोजन वाढतो, तर घटतं काय?”

बाईंनी खडू खाली ठेवला. असा प्रश्न वर्षातून एकदा आला तरी त्यांना पगार पावल्यासारखं वाटे. मग त्यांनी सांगितलं, की जुन्या काळी लोक खनिज भट्टीत घालायचे, त्यातला ऑक्सिजन जायचा, हाती यायचा तो धातू वजनानं कमी भरायचा, म्हणून नाव पडलं घटीचं. समज पुढे गेली, नाव मागे राहिलं. “नावावर जाऊ नका रे. इलेक्ट्रॉन कुणाच्या पदरात पडले ते बघा. ज्याला मिळाले, त्याचं क्षपण झालं.” त्या दिवशी वर्गाला क्षपण समजलं. खरोखर समजलं. आणि समजल्याबरोबर अर्ध्या वर्गाचे हात वर झाले. मग क्षपण घडवणारं बोरोहायड्राइड किटोनला सोडत नाही आणि एस्टरला सहसा हात का लावत नाही? आम्लालाही का नाही? नव्या मोजमापानुसार तो तास महाविद्यालयाच्या इतिहासातला सर्वांत वाईट तास ठरला.

प्राचार्यांनी वर्गाच्या दाराशी शंका मोजायला शिपाई बसवला. प्रश्न कुठला आणि शंका कुठली हे त्या बिचाऱ्याला उमगेना, म्हणून त्यानं वर गेलेला प्रत्येक हात मोजायला घेतला. एका मुलानं आळस दिला, त्याच्या दोन शंका धरल्या गेल्या. तेव्हा हात बाकाखाली ठेवण्याचा नियम निघाला. फाटकावर ‘शंकामुक्त परिसर’ अशी पाटी लागली. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याकडून लेखी घ्यायचं ठरलं, की मला क्षपण पूर्णपणे समजलं असून माझ्या मनात कोणतीही शंका नाही, व भविष्यात आल्यास तिची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. ज्याची सही नाही, त्याला परीक्षेला बसता येणार नव्हतं. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. एकट्या पणकानं मजकूर वाचला आणि सही केली नाही. उद्या येणारी शंका आज कशी नाकारायची, असं तिनं विचारलं, आणि शिपायानं निमूटपणे आणखी एक मोजली.

बाईंनी हे घरी नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा पाणीपुरवठा कार्यालयात होता. असल्या सुधारणा त्यानं कोळून प्यायल्या होत्या. त्यांच्याकडे तक्रारी लेखी आणि तीन प्रतींत द्यायचा नियम आल्यापासून पाण्याची एकही तक्रार उरली नव्हती, आणि पाणीही उरलं नव्हतं. चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला, की पोरीची समजूत काढ, तिचं वर्ष वाचव, तुझी निवृत्ती तोंडावर आलीय, उगाच लष्करच्या भाकऱ्या भाजू नकोस. बाई म्हणाल्या, त्या लष्करच्या नाहीत, घरच्याच आहेत. तोवर बिस्कीट तुटून चहात पडलं होतं आणि नवऱ्याचं लक्ष तिकडे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पणकाला प्रयोगशाळेत बोलावलं. बेसिनपाशी चंचुपात्रं निथळत होती. बाई बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बोलल्या. वर्ष फुकट घालवू नकोस, सही म्हणजे काही खरं नसतं, शंका काय, मला खासगीत विचार, असं बरंच काही.

“बाई, तुम्हाला पटतंय हे?” पणकानं विचारलं.

“सही कर बाळा,” बाई म्हणाल्या.

तिनं केली. बाई सांगतात म्हणून केली, आणि पेनाला टोपण घालून गेली. बाईंना हलकं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

मग तपासणी समिती आली. अध्यक्ष भारदस्त होते; भुवया इतक्या दाट, की त्यांच्या नजरेआधी त्याच पोचायच्या. विद्यार्थ्यांना क्षपण समजलंय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. बाईंनी साधा, गोजिरवाणा प्रयोग निवडला होता. बेंझिलचं पिवळं द्रावण मिथेनॉलमध्ये करायचं, त्यात बोरोहायड्राइड चिमटीचिमटीनं घालायचं. पिवळा रंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. प्रयोग करण्याचा मान ज्याला मिळाला त्याला सगळे ‘होयबा’ म्हणत. वर्षभरात त्याची एकही शंका नोंदली गेलेली नव्हती. बाईंनी मात्र खोलीबाहेर बसायचं होतं, कारण शिक्षक समोर असला की विद्यार्थ्याला त्याला विचारावंसं वाटतं, असं समितीचं निरीक्षण होतं.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी कपाटं आवरून घेतली होती. बाईंनी आतल्या कपाटात कुलपात ठेवलेली लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडची बाटली त्यांनी बाहेर काढवली आणि बोरोहायड्राइडच्या शेजारी मांडली. दोन्ही हायड्राइड, एका कुळातल्या. शेजारी शेजारी शोभून दिसतात. त्यातली एक गरीब गाय आणि दुसरी पाण्याचा किंवा मिथेनॉलचा थेंब लागला तरी पेट घेणारी, हे आवरणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

होयबानं हात पुढे केला. हातात आलेली बाटली त्यानं क्षणभर निरखली. मग चमचाभर पूड मिथेनॉलमध्ये टाकली.

बाईंना बाहेर आधी फुसकारा ऐकू आला, मग खुर्च्या पडल्याचा आवाज. त्या आत धावल्या तेव्हा टेबलावर ज्वाळा उभी होती, अध्यक्ष भुवयांवर हात दाबून मागे सरत होते आणि प्राचार्य पाण्याचा जग घेऊन आगीकडे निघाले होते. बाईंनी तो जग त्यांच्या हातातून हिसकावला, कोपऱ्यातली वाळूची बादली उचलली आणि उपडी केली. अर्धी वाळू आगीवर पडली, अर्धी अध्यक्षांवर. आग विझली. माणसं वाचली. भुवया मात्र वाचल्या नाहीत.

चौकशी तिथल्या तिथे सुरू झाली. बाटली वेगळी आहे हे लक्षात नाही का आलं, असं होयबाला विचारण्यात आलं.

“आलं होतं ना सर,” तो म्हणाला. “नाव जरा लांबलचक वाटलं. शंका आली. पण विचारली असती तर कॉलेजचा गुण गेला असता.”

समिती हेलावली. जिवावर बेतलं तरी विद्यार्थ्यानं शंका उपस्थित केली नाही, असा त्याचा अहवालात गौरव झाला. संपूर्ण प्रात्यक्षिकात एकही हात वर गेला नाही. जे वर गेले ते आगीनंतर गेले, आणि ते बचावात्मक असल्यानं मोजले नाहीत. महाविद्यालय पहिलं आलं. आगीचं कारणही सापडलं. बाईंनी एकाच विषयाच्या दोन बाटल्या बाळगून शंकेला वाव निर्माण केला होता. यापुढे प्रत्येक प्रयोगशाळेत एकच बाटली ठेवावी, अशी शिफारस करण्यात आली. शिवाय वाळूचा वापर विनापरवाना होता. या निष्कर्षांबद्दल आपल्याला काही शंका आहे का, असं अध्यक्षांनी बाईंना नव्या, उघड्या कपाळानं विचारलं.

बाईंच्या मनात शंकांचं मोहोळ उठलं होतं. प्राचार्य त्यांच्याकडे बघत होते. “नाही,” बाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी नेहमीचा तास घेतला. किटोनचं क्षपण. फळ्यावर हायड्राइड काढलं, शेजारी कार्बन काढला, जीभ दातांत धरली आणि बाण मुद्दाम उलटा ओढला. कार्बनकडून हायड्राइडकडे. म्हणजे देणाऱ्यालाच दान. मग त्या वळून उभ्या राहिल्या आणि वाट पाहिली. सगळ्या वर्गानं बाण सुबक उतरवून घेतला, कुणी कुणी तर पट्टी लावून. मागच्या बाकावर पणकानं पेन खाली ठेवलं. तिनं फळ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. तिचे हात नियमाप्रमाणे बाकाखाली होते. थोड्या वेळानं एक हात वर आला, पेन उचललं, आणि तिनंही तो बाण उतरवून घेतला.

बाईंनी डस्टर घेतलं, पण बाण पुसला नाही. आता तरी कुणी ‘का’ म्हणून विचारेल, या आशेवर त्या घटकाभर थांबल्या. मग तास संपला.

होयबाचं मात्र सोनं झालं. एका नामांकित औषध कंपनीनं त्याला थेट क्षपण विभागात घेतलं. मोठमोठ्या टाक्यांवर तो एकटा असतो, आणि त्याच्या पाळीत काम कधी अडत नाही. एखाद्या वेळी पिंपावरचं नाव जरा लांबलचक वाटतं, शंका येते, नाही असं नाही. पण तो आता अनुभवी आहे. ती गिळून टाकतो. पुढची जबाबदारी आपली. ती गोळीच्या रूपात येते, पाकिटावरची अक्षरं बारीक असतात, आणि आपणही कुठे विचारतो? जेवण झालं, की घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकतो.